मी घातलेले सतरा नमस्कार

मी एक जुना शिक्का आहे. करंगळीएवढा, पिवळ्या लाकडाचा, तळाला ‘कुवाबारा’ हे आडनाव कोरलेला. मित्रांनो, दिसायला मी गरीब आहे, पण डूख धरण्यात नागाला मागे टाकीन.

जपानातल्या कागोशिमाच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला कोरलं. ओदावाराचे कुवाबारा आजोबा रेल्वेत कारकून होते, त्यांच्याकडे मी चाळीस वर्षं मालगाड्यांचे कागद लाल केले. “माझा गडी कधी पुसट उठत नाही,” असं ते चारचौघांत सांगायचे. मग ते निवृत्त झाले आणि मी सात वर्षं मोज्यांच्या खणात पडून राहिलो. त्या मोज्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

त्यांची नात शिओरी माशाच्या वड्या करणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा आजोबांनी मला तिच्या हातात ठेवलं. दोन वर्षं मजेत गेली. पंचविसाव्या वर्षी तिला आमवात झाला. सकाळी बोटं वाफवलेल्या पावासारखी फुगायची, मूठ वळायची नाही. ती पाचला उठून गरम पाण्यात हात बुडवून बसायची. गोळ्यांचं पाकीट दातांनी फोडायची. सदऱ्याची बटणं कधी काढायचीच नाही, लावलेलाच सदरा डोक्यातून घालायची. दहा वाजले की हात जरा माणसात यायचा. कचेरी मात्र साडेआठची.

आता आमच्या कचेरीची रीत सांगतो. मंजुरीच्या कागदावर चौकटींची रांग असते. डाव्या टोकाला साहेब, उजव्या टोकाला शिओरी. खालच्या माणसानं शिक्का डावीकडे थोडा कलता मारायचा, म्हणजे तो साहेबाला वाकून नमस्कार घालतोय असं दिसतं. हसू नका, यावर बढत्या अडल्यात. शिओरीचं मनगट डावीकडे वळेना. मी उठायचो तो उजवीकडे कलूनच.

आमचा विभागप्रमुख मोमोसे शिक्के भिंगातून तपासायचा. एकदा भर कचेरीत ओरडला, “कुवाबारा! हा शिक्का माझ्याकडे पाठ करून उभाय!”

“साहेब, मनगट आखडलंय. आमवात आहे मला.”

“सव्विसाव्या वर्षी? माझ्या आईला झाला तेव्हा ती शहाऐंशीची होती! जरा म्हातारी तरी हो आधी!”

शेजारच्या टेबलावरच्या नागामिने बाई पुटपुटल्या, “भिंगातून शिक्का दिसतो मेल्याला, सुजलेला हात नाही दिसत.”

शिओरीनं डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज दिला होता, की रोज दहाला येईन आणि उशिरापर्यंत थांबेन. “आधी शंभर नमस्कार नीट घालून दाखव,” मोमोसे म्हणाला. तिनं कोऱ्या कागदावर सुरुवात केली. बाविसाव्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी तिनं राजीनामा लिहिला आणि माझ्याशेजारी खणात ठेवला.

त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचा नाही.

आधी त्याच्या बाहीला लाल शाई लावली. त्यानं त्याच बाहीनं नाक पुसलं आणि तसाच मालकांच्या बैठकीला गेला. सगळ्यांना वाटलं, स्वारी सकाळीच चढवून आलीय. पण तेवढ्यानं माझं पोट भरेना.

मग एका मंगळवारी शिओरी दवाखान्यात गेली. खरेदीचे सतरा कागद दुपारपर्यंत पाठवायचे होते. मोमोसेनं तिचा खण उघडला आणि मला उचललं. दुसऱ्याचा शिक्का मारणं म्हणजे दुसऱ्याची सही ठोकणं!

“नमस्कार कसा घालतात ते बघा,” तो म्हणाला.

मी साबणासारखा निसटू शकलो असतो. पण नाही. मी वाकलो. सतरा वेळा, अगदी नाक जमिनीला टेकवून.

पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीतून उसुई बाई तपासणीला आल्या. वर्षभराचे उजवीकडे कललेले शिक्के चाळता चाळता मंगळवारच्या सतरांपाशी थांबल्या.

“कुवाबारा, गेल्या मंगळवारी तुम्ही रजेवर होता ना?”

“हो, दवाखान्यात होते.”

“मग हे सतरा नमस्कार कुणी घातले?”

“तिनंच! आदल्या दिवशी!” मोमोसे म्हणाला. “हात ठणठणीत आहे तिचा. सोंग आहे सगळं.”

“असं? कुवाबारा, एक मारून दाखवा बरं.”

शिओरीनं मला उचललं. बोटं नीट मिटेनात. मी उजवीकडे कलता उठलो, तिच्या हातातून सुटलो आणि गडगडत थेट मोमोसेच्या बुटाशी गेलो.

“एवढं दुखतंय आणि साडेआठला कशाला येता?” उसुई बाईंनी विचारलं.

“अर्ज दिलाय.”

“कुठाय तो?”

नागामिने बाईंनी बोट दाखवलं. “साहेबांच्या चहाच्या पेल्याखाली. तीन महिने झाले.”

चहाचा गोल डाग पडलेला तो अर्ज त्याच दुपारी मंजूर झाला. मोमोसेची बदली बंदरावरच्या बर्फाच्या कोठारात झाली, पहाटे चारची पाळी. मी आठवडाभर खणात एकटाच हसत होतो. शिओरीनं राजीनामा फाडायला घेतला, पण बोटांना जमेना. तो नागामिने बाईंनी फाडला. चार तुकड्यांवर थांबल्या नाहीत, पार भुगा केला.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. काम झालं की माझा तळ पुसत जा, शाई सुकली की अक्षरं बुजतात. आणि कुणी तरुण माणूस ‘दुखतंय’ म्हणाला, तर त्याला वय विचारू नका. वाटल्यास विचारा म्हणा. आम्ही खणात पडून ऐकत असतो, आणि आम्हाला दुसरं काही काम नसतं.