एप्रनचा खिसा

"पाकीट कुठं लपवलंस? बोल ना!"

मी दारात चपला काढतेय तोच यांनी माझी पिशवी हिसकावली. डबा, छत्री, रुमाल, सगळं जमिनीवर. पिशवीत काही नाही म्हटल्यावर माझ्या अंगावरच्या एप्रनच्या खिशात हात. तिथंही काही नाही. मग रडायलाच लागले. सहा फुटी माणूस, उभं आयुष्य ट्रक चालवलेला, आणि वेफर्सच्या एका पाकिटासाठी रडतो!

"आई, दिवसभर शांत होते गं," लेक म्हणाली. मी कामावर असते तेव्हा तीच यांच्याजवळ बसते. "तू आलीस की चाळवतात. तुझ्या अंगाला तो मसाल्याचा वास येतो ना, तो आला की संपलं."

वास येणारच. वेफर्सच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी मसाल्याच्या पिंपापाशी गेली. वेफर्स त्यात गरगर फिरतात, वरून मसाला पडतो, आणि तो केसांत, नखांत, कुठं कुठं जाऊन बसतो. बिघडलेली पाकिटं कामगारांना फुकट मिळायची. त्यातलं एक रोज यांच्यासाठी एप्रनच्या खिशात. मी आले की हे खिशात हात घालायचे, मी लटकं रागवायचे. आमच्या संसारातली मौज म्हणाल तर एवढीच.

मागल्या वर्षी यांचं विसरणं सुरू झालं. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटोतले पांढरे ठिपके दाखवले. "बारीक बारीक झटके येऊन गेलेत. रक्तदाब कित्येक वर्षं चढलेला. सगळा दोष खाण्याचाच, असं मी म्हणणार नाही. पण खारट आता बंद म्हणजे बंद."

मी मान डोलावली. डोळ्यांसमोर मात्र आमच्या कारखान्यातली काचेची खोली. नवीन चव काढली की तिथं माणसांना खायला बसवतात आणि चववाल्या मॅडम काचेआडून बघतात. एकदा त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "मावशी, पोट भरलंय हे डोक्याला कळायच्या आत हात परत पाकिटात गेला पाहिजे. मग समजायचं, चव जमली."

"मग आमच्या ह्यांनाच बसवा की, पहिला नंबर!" म्हणून मी खो खो हसले होते. जळलं मेलं ते हसणं.

पाकिटं तर बंद केलीच होती. आता वासही नको म्हणून मी साहेबांच्या मागे लागून खोक्यांच्या विभागात बदली मागितली.

"पिंप सोडून खोकी चिकटवणार? मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे हो. म्हणून तर."

पहिल्या दिवशी खोकी चिकटवून, कारखान्यातच साबणानं खसाखसा आंघोळ करून, केस धुऊन मी घरी आले. जुना एप्रन सकाळीच मागच्या गॅलरीत बादलीत टाकला होता. हे खुर्चीत बसले होते. माझ्याकडं पाहिलं, आणि अदबीनं उठून उभे राहिले.

"या, बसा ना. बायको कामावर गेलीये. येईलच एवढ्यात."

"अहो, असं काय करता? मीच ती!"

हे हसले. परक्या बाईशी हसावं तसं. "अगं, बाईंना पाणी दे."

मी जवळ गेले, आवाज चढवला, भिंतीवरचा आमचा फोटो काढून यांच्यापुढं धरला.

"हो हो, हीच माझी बायको. तुमच्या ओळखीची का?"

लेक आत जाऊन रडली. हे खिडकीशी जायचे, दाराशी यायचे, परत खिडकीशी. "उशीर झाला हिला. असा कधी करत नाही." मीही त्यांच्या मागं मागं, दार ते खिडकी. मला रडू येईना, संताप येत होता. या माणसासाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या, आणि याच्या डोक्यात मी उरले ती काय, मसाल्यापुरती? भांडायचं तरी कुणाशी? याच्याशी? याला तर मी पाहुणी!

शेवटी गॅलरीत गेले. एप्रन धुवायचा राहिला होता.

"आई, नको गं. परत चाळवतील."

"चाळवू देत."

एप्रन घालून मी खोलीत आले. हे खिडकीकडून वळले. नाक जरासं हललं आणि तोंडभर हसू आलं.

"आलीस होय! केवढा उशीर? कोण तरी बाई आली होती, तुझी वाट बघून गेली."

आणि हात खिशात. रिकामा बाहेर आला, परत आत गेला. बाहेर, परत आत. चववाल्या मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या. मग मीही खिशात हात घातला आणि आतल्या आत यांचा हात धरला. हे माझी बोटं चाचपत राहिले.

"संपलं वाटतं," हे म्हणाले.

"हो. संपलं."

यांनी हात काढून घेतला नाही. आम्ही तसेच खिडकीशी उभे राहिलो.