आक्काने कापलेली चकती

गाडी ढकलत आणणाऱ्या माणसाचे पाय थकलेले असले, तरी जीभ ताजीतवानी असते. मास्तर वर्कशॉपच्या दारात पोहोचले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर घामाचे नकाशे उमटले होते, आणि तक्रारीचा पहिला अध्याय त्यांनी रस्त्यातच संपवला होता.

"तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला," मोटारसायकल स्टँडवर चढवत ते म्हणाले, "पण आपल्या रस्त्याला एवढा चढ आहे हे आज कळलं. परवाच तुमच्याकडून नेली हिला. आज चौकात बसली ती बसलीच. किक मारून मारून गुडघा गेला, पण बाईसाहेब ढिम्म."

मोटारसायकल त्यांनी नोकरी लागली त्या वर्षी घेतली होती. यथाकाल मास्तर निवृत्त झाले. तिला मात्र ती सोय नव्हती.

आक्का आपल्या टेबलामागून उठली. वडिलांनी हे वर्कशॉप दोघा मुलांच्या हाती ठेवले होते: थोरली ही, आणि धाकटा तिचा भाऊ. भाऊ आता सत्तावन्न वर्षांचा होता, दाढी पांढरी झाली होती, गिऱ्हाइके त्याला मालक म्हणत. आक्का मात्र त्याला 'बाळ' म्हणे आणि तोही निमूट ओ देई. त्याच्या हातात पहिला पाना तिनेच दिला होता. तेव्हापासून चाळीस वर्षे एक रीत चालत आली होती. गाडी दारात आली की बाळने "काय वाटतं, आक्का?" असे विचारायचे आणि मगच पान्याला हात घालायचा.

ती दोन पावले पुढे आली, आणि बाळने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, जरा येतेस का? मास्तरांची गाडी बघ."

आक्का जागच्या जागी थांबली. मग फळीवरचा नटांचा डबा तिने उचलला, त्यावर फुंकर मारली आणि होता तिथेच ठेवला. उठलेल्या माणसाला काहीतरी निमित्त हवे असते.

सून हात पुसत बाहेर आली. ती पूर्वी शिवणयंत्रांच्या कारखान्यात जुळणीचे काम करी. कारखाना दूरच्या शहरात हलला, तेव्हा घरी बसण्यापेक्षा सासऱ्यांच्या हाताखाली बरे म्हणून सहा महिन्यांपूर्वी ती इथे येऊ लागली. बाळच्या मुलाला इंजिनाच्या तेलाचा लहानपणापासून तिटकारा होता. त्याने गमावलेले सारे कौतुक आता व्याजासकट बायकोच्या पदरात पडत होते. आक्काने पहिल्या महिन्यात त्याकडे काणाडोळा केला. दुसऱ्या महिन्यात तिला झोप कमी येऊ लागली.

"काय होतंय, मास्तर?" सुनेने विचारले.

"काहीच होत नाही, हेच तर होतंय."

सून हसली आणि गाडीपाशी उकिडवी बसली. तिने प्लग काढला, तो वायरीला लावून इंजिनावर टेकवला आणि किक मारली. निळी, ठसठशीत ठिणगी पडली. मग प्लगचे टोक बोटाने चाचपले. "कोरडा आहे. पेट्रोल पोचत नसावं." टाकीचे झाकण उघडून तिने आत डोकावले. टाकी जवळजवळ गच्च भरली होती. झाकण लावले, प्लग बसवला, पुन्हा किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

"घ्या," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांचं तोंड पाहताच ताप उतरला. आता मी चौकात खोटा पडलो."

बाळ कौतुकाने हसला. ते हसू आक्काच्या जिव्हारी लागले. हे हसू तिच्या ओळखीचे होते. फक्त त्याचा पत्ता बदलला होता.

"उतरलेला ताप पुन्हा चढतो," ती म्हणाली. तिचा आवाज वर्कशॉपच्या टोकापर्यंत पोहोचेल असाच होता. "ठिणगी देणारी कॉइल गेली आहे. तापली की मान टाकते, निवली की उठून बसते. या रोगाचे रोगी मी ढिगाने पाहिलेत. प्लग काय काढता, झाकणं काय उघडता."

"असेलही, आत्या," सून म्हणाली. "एकदा फिरवून बघू. पुन्हा बंद पडली की कळेल."

'असेलही.' आक्काच्या निदानाला या छपराखाली आजवर कुणी 'असेलही' म्हटले नव्हते. आणि बाळने त्यावर मान डोलावली, स्वतः गाडीवर बसला आणि चक्कर मारायला निघून गेला.

पाव तास झाला तरी तो आला नाही. सून कार्बोरेटरविषयी मास्तरांना काही समजावत होती आणि ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. आक्का टेबलाशी बसून मनातल्या मनात एकच मागणे मागत होती: कॉइलच निघू दे. गाडी गिऱ्हाइकाची, वर्कशॉप आपले, नाव जाईल ते घराचे, हे तिला कळत होते. तरीही तिला हवे होते ते एवढेच, की बाळने परत यावे आणि सुनेच्या अंगावरून नजर पलीकडे टाकून म्हणावे, आक्का, तू म्हणालीस तेच खरं.

बाळ आला तो गाडी ढकलतच. दाढीतून घाम ठिबकत होता.

"या, मालक," मास्तर म्हणाले. "चढ कसा काय वाटला?"

"कॉइल," आक्का म्हणाली आणि उठली. "बदलून टाक, बाळ. मी काढून देते नवी."

"थांबा ना, आत्या, गरम आहे तोवरच बघते." सुनेने चटकन प्लग काढला, इंजिनावर टेकवला, किक मारली. ठिणगी पडली, मघासारखीच निळी, मघासारखीच ठसठशीत. तिने पुन्हा मारली, पुन्हा पडली. कॉइल निर्दोष सुटली.

आक्काने नव्या कॉइलच्या खोक्याकडे नेलेला हात मागे घेतला. "एकदा पडली म्हणजे दर वेळी पडेल असं नाही," ती म्हणाली. पण हे बोलणे लंगडे आहे हे तिचे तिलाच ऐकू आले.

"प्लग परत कोरडाच आहे," सून स्वतःशी बोलावे तसे म्हणाली. "मघाशी सुरू झाली तेव्हा मी वेगळं काय केलं होतं? प्लग पुसला. आणि झाकण उघडलं." तिने टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि ते फिरवले.

हुश्श असा बारीकसा आवाज झाला. टाकीने श्वास आत ओढला.

तो आवाज सर्वांनी ऐकला, पण त्याचा अर्थ सर्वांआधी कळला तो आक्काला. टाकीतले पेट्रोल खाली उतरायचे, तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. जुन्या गाड्यांच्या झाकणात कॉर्कची चकती असते, तिच्या मधोमध टाचणीएवढे भोक असते, आणि गाडी त्या भोकातून श्वास घेते. भोक नसेल तर थोडे अंतर जाऊन गाडी गुदमरते. झाकण उघडून कुणी आत डोकावले की पुन्हा चालू लागते. आणि ही चकती परवाच बदललेली होती. जुनीतून पेट्रोल पाझरून मास्तरांची विजार खराब होत होती, म्हणून नवी कापली होती. या वर्कशॉपमध्ये चकत्या एकच व्यक्ती कापत असे.

परवाची दुपार तिच्यासमोर जशीच्या तशी उभी राहिली. ती कॉर्कवर चाकू फिरवीत होती. पलीकडे सुनेने एका घड्याळाएवढ्या नाजूक कार्बोरेटरची जुळणी संपवली होती, आणि बाळ म्हणाला होता, "असा हलका हात मी आजवर पाहिला नाही." बाकीचे शब्द आक्काने गिळले असते, 'आजवर' तिच्या घशात अडकला. त्या एका शब्दात तिची चाळीस वर्षे आली होती. सूनबाई यावर काय म्हणते, हे ऐकण्यासाठी तिने कान तिकडे लावले, आणि तिच्या हातांनी चकती तशीच झाकणात बसवून टाकली.

सुनेने झाकणाच्या आतला पत्रा सोडवला, चकती काढली आणि दाराकडच्या उजेडात धरली. उजेड कुठूनच आला नाही. तिने चकतीची कड पाहिली; अशी सफाईदार गोल कड कुणाच्या हातची, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने आक्काकडे एकदाच पाहिले आणि मूठ मिटली.

"झाकणात घाण अडकली होती, बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली. "हवा आत जात नव्हती. साफ करते, झालं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ दुसऱ्याची असली, म्हणजे तो लाखही दुसऱ्याचाच. आक्काने क्षणभर, खरे सांगायचे तर क्षणाहून थोडे अधिकच, गप्प राहण्याचा विचार केला. बाळला कळले नसते. मास्तरांना कळले नसते. फक्त उद्यापासून रोज सकाळी ही पोर "आत्या, चहा" म्हणत समोर पेला ठेवील, आणि त्या चहात दयेचा घोट असेल. चूक सोसता येते. जिचा हेवा करायचा, तिची दया सोसत नाही.

"मूठ उघड," आक्का म्हणाली.

"आत्या, अहो, राहू दे ना."

"उघड म्हणते ना."

सुनेने हात पुढे केला. आक्काने चकती उचलली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. "घाण नाही, बाळ. भोक पाडलेलं नाही. मीच कापली होती, मीच बसवली."

बाळने चकती उलटसुलट केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट चिमूटभर हसू होते, जणू कुणी त्याला सूर्य पश्चिमेला उगवल्याचे सांगत होते. "तू? भोक विसरलीस? कसं काय?"

"लक्ष नव्हतं."

"तुझं लक्ष नव्हतं?"

"माझं लक्ष म्हणजे काय भिंतीतला खिळा आहे, कायम एकाच जागी राहायला?" आक्का म्हणाली. लक्ष कुठे होते, हे तिने सांगितले नाही. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांचे वजन निम्मे होते आणि लाज दुप्पट.

"वर्गात आमच्याकडे असं कुणी आपण होऊन उभं राहत नसे," मास्तर म्हणाले. "बाई, तुमच्या चुकीने मला माझ्या रस्त्याचा चढ दाखवला. पण उतरताना गाडीवर बसून जायला मिळेल ना?"

"नवी चकती कापावी लागेल," बाळ म्हणाला आणि दोघींकडे पाहू लागला. कुणाला सांगावे, हे त्यालाच कळेना. त्याचे ते अडखळणे आक्काने टिपले.

"हिला कापू दे," ती म्हणाली. "हलका हात आहे."

सुनेने कॉर्कच्या पातळ पट्टीवर झाकण ठेवून गोल आखला आणि चाकू चालवला. अर्ध्यावर कड भुसभुशीत होऊन सुटली. दुसऱ्यांदा कापली, तीही मोडली. आक्काच्या पोटात गुळाचा खडा विरघळावा तसे काहीतरी गोड पसरत गेले. त्याची तिला लाज वाटली आणि तरीही तिने तो खडा शेवटपर्यंत चघळला.

"आत्या, तुमची कशी हो तुटत नाही कधी?"

"ते मलाही ठाऊक नाही," बाळच मध्ये बोलला. "माझीही तुटते. म्हणून तर चाळीस वर्षं हिच्याकडेच देतो. वडिलांनी हिला काय ते दाखवलं होतं, हिने मला कधी सांगितलं नाही."

हे खरे होते. सांगितले असते तर बाळ चकत्यांसाठी तिच्या टेबलाशी आलाच नसता.

आक्काने सुनेकडे पाहिले. पोरीच्या बोटांना भुसा लागला होता, कपाळावर आठी होती, आणि ती कॉर्कचा तिसरा तुकडा घेऊन, न रागावता, पुन्हा आखायला लागली होती. आक्काला ती आवडली नाही. पण त्या तिसऱ्या तुकड्यापुढे तिचा हट्ट टिकेना.

"बाळ," ती म्हणाली, "मास्तर उन्हातून गाडी ढकलत आलेत. त्यांना समोर चहाला घेऊन जा."

"इथेच मागवू की."

"समोर जा म्हटलं ना."

बाळ मास्तरांना घेऊन रस्त्यापलीकडे गेला. आक्काने शेगडीवरच्या किटलीतले कोमट पाणी वाटीत ओतले आणि कॉर्कचा तुकडा त्यात बुडवून वर बोट दाबून धरले.

"शंभर आकडे मोजायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी फार गरम नको, फुगतो. मऊ झाला की चाकू ओढायचा, दाबायचा नाही. भोक आधी पाडायचं, गोल मागाहून कापायचा. म्हणजे विसरायला होत नाही."

"तुम्ही कधी असं भिजवताना दिसला नाहीत, आत्या."

"दिसायला मी काय तमाशा मांडलाय? चहाचा पेला टेबलाखाली घेऊन बसते, तेव्हा त्यात चहाच असतो असं कोण म्हणालं?"

सून खुदकन हसली. "बाबांना सांगू?"

"सांगशील तर उद्यापासून नट मोजत बसशील."

दोघींची डोकी वाटीवर वाकली होती. सून ओठांनी आकडे मोजत होती. रस्त्यापलीकडे बाळच्या हातातला चहा निवत चालला होता; मास्तर काहीतरी सांगत होते, पण त्याची मान वर्कशॉपकडे वळलेली होती. अखेर त्याच्याने राहवले नाही. पेला घेऊनच तो दारापर्यंत आला.

"काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही," सून म्हणाली, आणि तिने वाटीवर हात आडवा धरला.

"मला सांगण्यासारखं नाही वाटतं?" बाळने हसत विचारले. हसू ओठांवर होते, गळ्यात नव्हते. तो आवाज आक्काने लगेच ओळखला. गेले सहा महिने तो तिने स्वतःच्या गळ्यात दाबून ठेवला होता.

तिने मान वर केली नाही. "ब्याण्णव," ती सुनेला म्हणाली, "मोज पुढे."