चार वाजता वर येणारी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची नव्हे हं. माझं पाणी चुकून प्यायलात तर आठ दिवस निळं थुंकाल. कापड रंगवायच्या कारखान्यामागे मी जमिनीत अर्धी गाडलेली आहे, गोल, विहिरीपेक्षा मोठी आणि तळ्यापेक्षा लहान. रंगाचं घाण पाणी माझ्या मधोमध येतं, दमल्या माणसासारखं जरा टेकतं, त्यातला गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी माझ्या दातेरी कडेवरून ओढ्यात जातं. पोटात एक लोखंडी हात तळाचा गाळ ओढत फिरतो. तो इतका हळू फिरतो की बघत बसलं तर हलताना दिसतच नाही. नजर काढून परत बघावं, तर त्यानं जागा बदललेली.

माझा जन्म मात्र स्वयंपाकघरात झाला. खोटं नाही सांगत. मला जिनं कागदावर काढलं ती इंजिनीअर मुलगी याच कारखान्यातल्या रंगाऱ्याची लेक. तिनं ओट्यावर काचेचं उंच भांडं ठेवलं, त्यात कारखान्याचं पाणी ओतलं, तुरटी घातली आणि गाळाचे गोळे किती वेळात खाली उतरतात ते बघत बसली. घड्याळ बापाच्या हातात. आई म्हणाली, "मला स्वयंपाक करायचाय. तुमचं बाळ उचला तिथून."

गोळा तासाला दीड मीटर उतरायचा. म्हणजे माझ्यातलं पाणी त्याहून हळू वर चढायला हवं. नाहीतर वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरायला गेल्यासारखी गाळाची गत. लेकीनं कचेरीतून कागद आणवला, दिवसाला किती पाणी बाहेर पडतं त्याचा. पाणी दिवसभर सारखंच येणार असं धरून त्या आकड्याला चोवीसनं भागलं आणि पाणी तासाला एकच मीटर चढेल एवढी रुंद मला केली.

आता गंमत बघा. कारखान्यात रंगाचे सगळे हौद पाळी सुटताना, चार वाजता, एकदम रिकामे करायचे. वीस वर्षं हे काम कोण करत होतं? तिचाच बाप, घड्याळ धरून समोर बसलेला. तिनं विचारलं नाही, कारण हातात कागद होता. त्यानं सांगितलं नाही, कारण लेक शिकलेली, तिनं धरलंच असेल.

मी बांधून झाले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पाटीवर लेकीचं नाव लागलं. बापानं रंगखातं सोडलं आणि माझी राखण मागून घेतली. पहिल्याच दिवशी चार वाजले, हौद सुटले, आणि पाणी तिप्पट वेगानं चढायला लागलं. आवाज नाही, बुडबुडा नाही. तळाचा काळा गाळ नुसता उठला, लांब लांब पसरला आणि कडेवरून ओढ्यात उतरला. पाऊण तासानं सगळं शांत. रंगाऱ्यानं आधी पाटीकडे बघितलं, मग आजूबाजूला कुणी आहे का ते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझ्यात एक बाई सोडली.

"चारला ती वर येते," तो हळूच म्हणाला. "केस मोकळे. पाठमोरी असते. तिनं तोंड वळवायच्या आत माणसानं निघून जावं."

"आणि वळवलं तर?" मुकादमानं विचारलं.

"ते सांगायला कोण उरलंय?"

"मग तुम्ही कसे उरलात हो?"

"मी राखणदार. माझ्याशी पाठ करूनच बोलते."

मुकादम हसला खरा, पण चारनंतर माझ्याकडे फिरकला नाही. कुणीच फिरकेना. दोन वर्षं लेकीची चूक अशी झाकून राहिली.

मित्रांनो, माझ्यात बाई नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण तीच गोष्ट रोज माझ्या काठावर कुजबुजली जायची, आणि गाळ तळाशी पडल्या पडल्या ऐकत असावा. हळूहळू तो निराळा उठायला लागला. आधी केस. मग खांदे. कधी कधी कडेवरून जाता जाता अडायचा, जणू कुणी त्याला हाक मारलीय. रंगारी आता माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा.

एक दिवस ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीतली एक बाई बाटली घेऊन आली. "काका, हे आमच्या विहिरीचं पाणी. यातच बाळाला आंघोळ घालते मी. त्याच्या अंगावर चट्टे उठलेत."

"जुन्या विहिरींचं असं होतं कधीमधी," तो म्हणाला.

"आमची विहीर जुनी नाही, काका."

त्यानं बाटली घेतली आणि खोलीतल्या फळीवर ठेवली. सकाळी तिच्या तळाला दोन बोटं काळं बसलेलं होतं. ते बघून तो दिवसभर जेवला नाही, पण बोललाही नाही. बाई मात्र जाताना पाटी वाचून गेली होती. दुसरी बाटली घेऊन ती थेट लेकीच्या दारात उभी राहिली.

म्हणून त्या दिवशी चार वाजता माझ्यावरून जाणाऱ्या लोखंडी पुलावर लेक आली, न सांगता, पायात कापडी बूट. पुलाच्या कठड्याशी रंगारी त्या दिवशी न राहवून पाण्याकडे वळला होता, त्याला चाहूल लागली नाही. हौद सुटले. केस वर आले, खांदे आले, आणि माझी शपथ, पहिल्यांदाच त्या काळ्या पाण्यात पांढरं तोंड वळलं. ते त्याच्या लेकीचं होतं. बघत होतं ते त्याच्याकडेच.

"तू तिथं कशी गेलीस गं?" असं म्हणत तो वाकला, वाकतच गेला. मागून लेकीनं त्याची कॉलर धरली.

"बाबा, मी इथं आहे. मागं."

तो कठड्याला धरून खाली बसला. लेकीनं गाळ कडेवरून जाताना बघितला, पुरा पाऊण तास.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"हौद एकदम सोडतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच सोडायचो की." त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "पाटीवर तुझं नाव आहे, बाळ."

"पाटी खरवडून काढता येते, बाबा. ती बाई रोज पोराला कशात आंघोळ घालते, ते तुम्ही फळीवर ठेवलंत."



दुसऱ्या दिवशी मुकादमासमोर, मालकासमोर तिनं स्वतःच सांगितलं, "मी चोवीसनं भागलं. चुकलं." हौद त्याच दिवसापासून एकेक करून सुटायला लागले. पुढं माझ्याआधी एक मोठा हौद बांधला. चारचं पाणी आता तिथं थांबतं आणि दिवसभर थोडंथोडं माझ्याकडे येतं. खालच्या वस्तीला टँकर सुरू झाला. रंगारी त्याच्याबरोबर जायचा, त्या बाईची घागर स्वतः भरायचा. ती त्याला काका म्हणायची थांबली होती.

माझ्यातून आता कुणी वर येत नाही. पण दोन वर्षं जी रोज माझ्या कडेवरून उतरून गेली, ती काही विरली नाही, मित्रांनो. गाळ विरत नसतो, बसतो. ओढ्याच्या वळणावर, विहिरींच्या तळाशी ती पाठमोरी बसलेली आहे, आणि तिला परत बोलवायची कळ माझ्याकडे नाही. तेव्हा तुमच्या माणसाचं काही चुकलेलं दिसलं, तर गोष्ट रचू नका. पहिल्याच दिवशी, चार वाजायच्या आत, त्याला सांगा.