हिरुतचं तेफ आणि डेव्हन ॲव्हेन्यूची गिरणी

मित्रांनो, या चकचकीत कारखान्याच्या दाराशी काचेआड बसलेलं जुनं धूड म्हणजे मी, एक पिठाची गिरणी. इथे शिकागोजवळच्या शॉमबर्गला दुपारी ऊन अंगावर येतं, मला पेंग येते आणि पेंगेत जुन्या दळणांचे वास येत राहतात.

माझा जन्म कोल्हापूरचा. वसुधाकाकू आणि संजयकाकांनी मला जहाजाने शिकागोला आणलं आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आपल्या किराणा दुकानामागे बसवलं. काय माझा थाट होता! भाजणीचे, नाचणीचे डबे रांगेत असायचे. बायका माझ्या पिठाचं कौतुक करायच्या आणि मी फुगून जायचे.

एक दिवस इथिओपियाची हिरुत आली. ती हॉटेलात खोल्या साफ करायची. तिच्या पिशवीत तेफ होतं, खसखशीसारखं बारीक धान्य. त्याच्या पिठाचा ती इंजेरा करायची, आपल्या आंबोळीसारखा जाळीदार आणि आंबटसर. काकूंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "अगं हिरुत, याचा बिझनेस कर ना!"

झालं! काकूंनी मला नवे दगड बसवले आणि मी फक्त तेफ दळू लागले. त्या मातकट, गोड वासात मी दिवसभर स्वप्नात असल्यासारखी फिरायचे. मग एका शाळेची मोठी ऑर्डर आली. तिथल्या काही मुलांना गहू बाधायचा, म्हणून त्यांना तेफाचं पीठ हवं होतं. ही ऑर्डर जमली की हिरुतला हॉटेलातली नोकरी सोडता येणार होती.

पिशव्या गाडीत चढल्या आणि संजयकाका सहज बोलून गेले, "सकाळी शेजारच्या चारुताचे गहू दळून दिले. घाईत होती बिचारी. मागून मूठभर तांदूळ फिरवले हं, गिरणी साफ!"

आपल्याकडे रीतच ती. पण हिरुतने गाडीचं दार धरून ठेवलं.

"काका, त्या मुलांना कणभरही गहू चालत नाही."

"एवढ्याशाने कुणाला कळणार आहे?"

"त्यांच्या पोटाला कळेल," ती म्हणाली.

तिने शाळेला फोन करून चूक सांगितली आणि एकेक पिशवी स्वतः उतरवली. ऑर्डर गेली. ती पोत्यांआड बसून रडली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून मला ठाऊक होतं ना!

चार महिन्यांनी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः दुकानात आल्या. "तुम्ही खरं सांगितलंत. आता पीठ तुमचंच घेणार," म्हणाल्या. हिरुतने तेफासाठी वेगळी खोली आणि नवी गिरणी घेतली. माझ्याकडे पुन्हा गहू आले. मी रुसले, पण काय करणार?

आज हिरुतचे तीन कारखाने आहेत, मालाचे ट्रक आहेत, इथिओपियात आपल्या गावी तिने शाळा बांधली आहे. लोक तिला मोठी श्रीमंत बाई म्हणतात. काकूंनी दुकान बंद केल्यावर मी दोन वर्षं त्यांच्या गॅरेजमध्ये गंजत पडले होते. हिरुत शोधत आली आणि माझा गंज तिने स्वतःच्या हाताने काढला, मला इथे आणून बसवलं.

परवा नवी कामगार अनिका तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, चुकून डबा आत नेला. पोळी होती त्यात." हिरुतने सगळा कारखाना थांबवला आणि तिला जवळ घेतलं. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, वेळच्या वेळी तेल घाला. आणि आमच्या पोटात काय गेलं, ते खरं खरं सांगत जा. आम्हाला बोलता येत नाही हो.