पाट्याची दोन जादा पानं

“...आणि गाडीच्या मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांना ती माणसं जादा पानं घालायची,” शांभवी कागदावरून वाचत होती, “म्हणजे डिकी दारूनं भरली तरी गाडी मागं बसायची नाही आणि पोलिसांना संशय यायचा नाही.”

“दोनच घालायची,” शिवपुत्र मिस्त्री बोलून गेले. “तीन घातली की रिकामी गाडी बूड वर करून पळती. लांबनंच वळकू येतंय.”

शांभवीने कागद खाली केला. पिस्टन पुसणारा मिस्त्रींचा हात थांबला.

“अप्पा, तुम्हाला कसं माहीत?”

“पाट्याचं काम काय आज करतोय व्हय मी? वाच की फुडं.”

उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात सोमवारची सकाळ होती. मिस्त्रींच्या कपाळावर पूजेच्या विभूतीचे तीन पट्टे अजून ओले होते. त्यांची लेक शांभवी अमेरिकेतल्या शार्लट गावी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधते. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आली, तर इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने तिला भाषणाला बोलावलं. विषय तिथल्या शर्यतींचा इतिहास. उद्या बोलायचं म्हणून आज ती अप्पांना वाचून दाखवत होती, आणि अप्पा पोथी ऐकावी तसे ऐकत होते.

शोरूममध्ये मिळते तशीच गाडी पळवायची, म्हणून तिचं नाव स्टॉक कार. पण मुळात हा खेळ डोंगरातून चोरटी दारू नेणाऱ्यांनी सुरू केला. वरून साधी दिसणारी गाडी, आत मात्र पोलिसांना हुलकावणी देणारं इंजिन. कुणाची गाडी जास्त पळते हे बघायला ते रविवारी मोकळ्या रानात शर्यती लावू लागले. पुढे संघटना झाली, नियम झाले.

“एकोणीसशे एकोणपन्नासला आमच्या शार्लटातच पहिली मोठी शर्यत झाली,” शांभवी म्हणाली, “आणि पहिला आलेला गडीच बाद! मागचे पाटे तपासले, तर त्यात फेरफार. गाडी दारू वाहणाऱ्यांची निघाली.”

“मग? आत टाकला त्याला?”

“नाही ओ. नुसतं बक्षीस गेलं. आता तर तिथल्या संग्रहालयात दारूची भट्टीसुद्धा मांडून ठेवलीय. लोक तिकीट काढून बघतात.”

मिस्त्री पिस्टन पुन्हा पुसू लागले. तो मघाशीच स्वच्छ झाला होता.

“आणि शेवटी हा फोटो दाखवणार.” तिने मोबाइल पुढे धरला. तिने एकटीने बांधलेलं पहिलं इंजिन. त्याच्या बुडाशी छिन्नीने मारलेल्या तीन आडव्या रेघा. “आपल्या ऐरणीवर आहेत ना, तशाच. लहानपणी मी त्यावरनं बोट फिरवायची, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, आपली खूण हाय. मी सांगणार, ही माझ्या वडिलांची खूण. नेकीच्या कामाची.”

“ह्यो दाखवू नगंस.”

“का?”

“नगं म्हणतोय न्हवं!”

आवाज चढला तसे मिस्त्री स्वतःच दचकले. लेकीवर ते कधी ओरडले नव्हते. ते स्टुलावर बसले. बेचाळीस वर्षं ही गोष्ट त्यांनी बसव्वांनाही, म्हणजे संसाराच्या सोबतिणीलाही, सांगितली नव्हती.

“ती खूण नेकीची न्हाय, पोरी. तिच्यापायी माझा वस्ताद जेलात गेलाय.”

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे. ज्ञानू मिस्त्रींच्या गॅरेजात काम करत होते. वस्ताद आठ दिवस बहिणीच्या गावी गेले असताना एक माणूस ॲम्बॅसेडर घेऊन आला. गोव्याची दारू फोंडा घाटातून आणायची होती, हे त्याने लपवलंही नाही.

“पैशापायी केलं म्हणशील, तर न्हाय. आसलं इंजिन बनवायला मिळतंय, एवढंच डोस्क्यात. हेड घासलं, कार्बोरेटर दुसरा बसवला, पाट्याला दोन पानं वाढवली. आन् काम झाल्यावर नेमानं करायचो तसं, देवाचं नाव घेऊन तीन पट्टं मारलं. हात थांबलाच न्हाय.”

सात महिने ती गाडी कुणाच्या हाती लागली नाही. शेवटी राधानगरीच्या अलीकडे पेट्रोल संपून उभी राहिली, तेव्हा सापडली. पोलीस इंजिनावरच्या खुणेचा माग काढत गॅरेजात आले. शिवपुत्र छिन्नी हातात धरून उभे होते. त्यांच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत ज्ञानू मिस्त्री म्हणाले, खूण माझी. तीन महिने आत काढले त्यांनी. त्यानंतर शिवपुत्रांनी ती खूण कुठल्याच इंजिनावर मारली नाही. वस्ताद सुटून गावी कोडोलीला गेले. शिवपुत्र त्या रस्त्याला कधी गेले नाहीत. त्याच वाटेवरच्या वारणेच्या साखर कारखान्याचं काम आलं, तर दुसऱ्याला देऊन टाकायचे.

सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. आता पोरगी काय म्हणेल, याचीच भीती होती.

“अप्पा,” शांभवीने विचारलं, “भरलेली गाडी फोंडा घाट कितव्या गिअरात चढायची?”

त्यांनी वर पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

“तिसऱ्या,” ते हळूच म्हणाले.

“भरलेली? तिसऱ्या? रिकाम्या गाडीला तिथं दुसरा टाकावा लागतो!” तिने कौतुकाने मान हलवली. “वस्ताद हायत का अजून?”

“हायत. शहाऐंशीचं आसतील.”

“मग उठा.”

“आज सोमवार, उपास हाय माझा.”

“उपासाला काय कोडोली चालत न्हाय व्हय?”

कोडोलीत घर शोधावं लागलं नाही. गोठ्यासमोरच्या अंगणात ज्ञानू मिस्त्री एका बुटक्या ठोकळ्यावर पोतं टाकून चहा पीत बसले होते. डोळ्यांवर जाड चष्मा. शिवपुत्रांनी पायावर डोकं ठेवलं, तरी त्यांना ओळख पटेना.

“कोण पावणं?”

“शिवू हाय, वस्ताद.”

म्हाताऱ्याचा कप बशीवर वाजला. “आलास व्हय! मला वाटलंच हुतं, कवातरी येणार म्हणून. ही पोरगी कोण?”

“माझी लेक. वस्ताद, तिला सगळं सांगितलंय. आता तुमच्यापुढं...” त्यांनी हात जोडले. “माझं पाप तुम्ही अंगावर घेतलंत. मी तोंड उघडलं न्हाय.”

“उघडू कशाला दिलं आसतं? तुझं वय काय, आन् घरात दारूचं नाव चालत न्हवतं, जंगम स्वामींचं येणं-जाणं. बा तुझा विहिरीत उडी मारून मेला आसता.” म्हाताऱ्याने शांभवीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पर एक सांगू? आत गेलो, तर जेलर इचारतोय, ती गाडी तूच बनवलीस? मी म्हटलं, व्हय. भायेर आलो, तर गावात त्येच. सात म्हैने पोलिसांस्नी घावली न्हाय ती गाडी ज्ञानूची! पंचक्रोशीतलं टॅक्टर माझ्याच दारात. शिवू, बेचाळीस वर्सं तुझ्या इंजिनाचं मोठेपण मी खाल्लंय. तू आलास, की उघडं पडंल म्हणून भ्या वाटायचं मला.”

आधी शांभवीला हसू फुटलं. मग म्हाताऱ्याला, इतकं की ठसका लागला. शिवपुत्रांनी उपरण्याने डोळे टिपले. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि ते इतकं जुनं होतं की उतरल्यावर श्वास कसा घ्यायचा तेच क्षणभर कळेना.

“उठीव मला,” म्हातारा म्हणाला. उठून त्याने ठोकळ्यावरचं पोतं काढलं. तो ठोकळा म्हणजे इंजिनाचा ब्लॉक होता. “सरकारनं गाडी लिलावात काढली, नंतर ती भंगारात गेली. तिथनं आणला. रोज सकाळी ह्याच्यावर बसतो. ने आता. तुझा हाय.”

बुडाशी माखलेला चुना शांभवीने नखाने खरवडला. तीन रेघा.

चार शेजाऱ्यांनी मिळून ब्लॉक मिस्त्रींच्या जुन्या मारुतीत घातला. वर म्हाताऱ्याने दोन ढेपा गूळ ठेवायला लावला. शांभवीने त्याला उद्याच्या भाषणाचं सांगितलं होतं. “भाषणाला मी येणार बरं का पोरी,” तो म्हणाला. “खरं काय त्ये सगळं सांग. मी फुडं बसतो.”

गाडीच्या मागच्या स्प्रिंगा आधीच थकलेल्या. मागची बाजू पार खाली बसली, तोंड वर झालं. शांभवी हळूहळू चालवत होती. वाघबीळच्या फाट्यावर पोलिसाने हात केला. गाडीला एक चक्कर मारून तो शिवपुत्रांच्या खिडकीशी वाकला.

“काय भरलंय पावणं? गाडी मागं लईच बसलीय.”

शिवपुत्रांनी काच पूर्ण खाली घेतली.

“इंजिन हाय साहेब,” ते म्हणाले. “मी बनवल्यालं. डिकी उघडून बघा की.”