स्टांपाची पाठ

नऊ कागद मी एका बैठकीत लिहिले. हे आधीच सांगून टाकतो, न्हाईतर तुम्ही म्हणाल बद्रीनाथनं लपवलं. परतूरच्या कचेरीपुढं लिंबाचं झाड होतं, त्याखाली माझी चटई, माझी पेटी, माझी दौत. अर्ज लिहिणारे अजून तिघं बसायचे तिथं, पण मुन्सफसाहेब नुसतं अक्षर बघून म्हणायचे, हा बद्रीनाथचा कागद. त्या अक्षराचा मला लई गर्व होता. सगळा सरकारी कारभार उर्दूत, आन् आमच्या लोकांना उर्दूचा अलिफ ठाऊक न्हाई. मी वाचून दाखवीन तेच खरं, असा तो जमाना होता.

दसऱ्याच्या आधी, सरकारी पंचांगातल्या आबान महिन्यात, स्टेशनाकडच्या जीनाचा म्यानेजर रखमाजी माझ्याकडं आला. जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. दसऱ्यानंतर तो सुरू व्हायचा आन् उन्हाळ्यापर्यंत धडधडत राहायचा. रखमाजीनं काखेतलं पुडकं सोडलं, आतून कोरे स्टांप काढले.

"नऊ हायेत. सगळ्यांवर एकच मजकूर लिवा."

मजकूर त्यानंच सांगितला. मी अमुक, राहणार अमुक, जीनात काम करताना माझ्याच चुकीनं माझा अमुक गेला, मालकाकडून हर्जाना पावला, आता माझी काही तक्रार न्हाई. नावाची जागा मोकळी सोडायची, तारखेची मोकळी सोडायची, आन् 'माझा' न् 'गेला' यांच्या मधली जागा पण मोकळी.

"इथं काय येणार?" मी इचारलं.

"जे जाईल ते. बोट, पंजा, हात. आताच कसं सांगावं?"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, हसलोच. "आन् नऊच कामून?"

"मागल्या साली आठ लागले," रखमाजी म्हणाला आन् चुना मळत बसला.

तेव्हाच दौत झाकायला पाहिजे होती. पण हात चालूच राहिला. कागदाच्या शेवटी लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं, 'बकलम बद्रीनाथ'. त्याचा अर्थ असा की हे मी लिहिलं, अंगठा देणाराला वाचून दाखवलं, त्यानं कबूल केलं. समोर अंगठा देणारं कुणी नव्हतं, तरी नऊच्या नऊ कागदांवर मी बकलम केलं. सवयच तशी पडल्ती. दुसऱ्या दिवशी रखमाजीनं माझ्या म्हशीला दोन पोती सरकी धाडली. म्हैस खूश, बायको खूश, मी पण खूश.

जीन सुरू झालं तशी आष्टीहून माझी मेहुणी आली, सगुणाबाई. नवरा पटकीनं गेल्ता, पदरी एक पोरगी, गोजर. दोघी आमच्याच शेजारी खोली घेऊन राहिल्या. सगुणाला जीनात काम लागलं, तिनं सांजच्याला येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं, "दाजी, माझा अंगठा घेतला हजेरीला. केवढा मोठा कागद, वर सरकारी छाप! आपल्याला काय, मान वाटला."

हजेरीच्या वहीला सरकारी छाप नसते. मला सगळं कळलं. तोंडात घास होता, तो तसाच फिरत राहिला. मी तिला इतकंच म्हणलो की पदर खोचून काम करत जा, मशीनच्या पट्ट्याजवळ जाऊ नको. ती म्हणाली, "तुमी बी कायबी, दाजी. मी काय लहान हाय का?" मी मनाला समजावलं की दोनशे बाया काम करून राह्यल्या तिथं, हिच्यावरच कशाला पाळी येईल.

तीन महिन्यांनी, बहमन महिन्यात आली. पट्ट्यापुढची आडोशाची फळी मागल्या सालीच मोडल्ती, कुणी बसवली नव्हती. पदर गुंतला, मागून हात गेला, उजवा, कोपरापर्यंत. मशीन बंद करायला जितका वेळ लागला तितक्यात पुढचा कापूस लाल होऊन बाहेर पडला. ते मला गोजरनं सांगितलं, ती आईला भाकर द्यायला गेल्ती.

दीड महिन्यानं सगुणा लिंबाखाली येऊन बसली. हात नव्हता तिकडं पदर घट्ट लपेटलेला.

"दाजी, अर्ज लिवा. नवा कायदा निघालाय म्हणं, कामात हात गेला तर मालकानं भरपाई द्यावी. मला फुकटचं नको, माझ्या हाताचं द्या म्हणावं. पोरीचं लगीन व्हायचं हाय."

कायदा होता. ती बराबर बोलून राह्यली होती. मी अर्ज लिहिला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा. लिहिताना एकच इचार, तिचा कागद फाडून घ्यायचा.

त्याच दुपारी जीनात गेलो. रखमाजी गादीवर बसल्ता.

"ती माझी मेहुणी हाय," मी म्हणलो. "तिचा कागद फाड."

"मालकाचा कागद मी कसा फाडू? आन् बकलम कुणाचं हाय त्यावर? कोऱ्या कागदावर बकलम केलं हे मुन्सफाला कळलं तर अर्ज लिवायची तुमची सनद जाईल. वर जेलची हवा."

मला संताप आला. माझा संताप साऱ्या परतूरला ठाऊक. मी त्याच्या गादीवर थाप मारून ओरडलो, "मला सनदीचं भेव दाखवतोस? अरे गाढवा, स्टांप विकणारा स्टांपाच्या पाठीवर तारीख घालतो, घेणाराचं नाव घालतो! नऊच्या नऊ कागदांवर आबान महिन्याची एकच तारीख हाय आन् तुझं नाव हाय. हात बहमनमधी गेला! मी मुन्सफसाहेबांना नुसतं म्हणलो ना, हुजूर, कागद उलटा करा, तर तू आन् तुझा मालक दोघं बी आत जाल!"

रखमाजीचं तोंड पांढरं पडलं. त्यानं खरंच कधी पाठ पाहिली नव्हती. मंग हळूहळू हसला. "म्हणा की, अर्जीवाले. संगं तुमी बी याल."

मी छाती काढून घरी आलो. कसा गप केला गड्याला, असं बायकोला सांगितलं सुद्धा. पण नंतर चार दिवस जेवण गेलं न्हाई. जेल म्हणजे काय हे मी कैद्यांचे अर्ज लिहून लिहून जाणत होतो.

तारीख आली. मुन्सफसाहेब उर्दूत बोलायचे, मी आपल्या बोलीत सांगतो. रखमाजीनं कागद पुढं केला. नाव भरलं होतं, 'उजवा हात' भरलं होतं, तारीख घातली होती बहमनची. खाली सगुणाचा अंगठा, आन् त्याखाली माझं नाव.

"बद्रीनाथ, शपथेवर सांग. हा कागद तुझा?"

"जी, हुजूर."

"बाईला वाचून दाखवलास?"

सगुणा माझ्याकडं बघत होती. तिला जरा सुद्धा काळजी नव्हती. आपले दाजी आहेत, आता सांगतील न्हाई म्हणून, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी कागद खिडकीकडं धरल्ता आन् उजेडात मला पाठीवरचा जांभळा शिक्का आरपार दिसत होता. एक वाक्य. कागद उलटा करा, एवढंच म्हणायचं होतं. मला माझी चटई दिसली, पेटी दिसली, आन् बेड्या दिसल्या.

"दाखवला, हुजूर."

साहेबांनी कागद उलटा केला न्हाई. अर्ज खारीज झाला.

बाहेर आल्यावर सगुणानं रडारड केली न्हाई. तिनं नुसतं इचारलं, "दाजी, कवा वाचला हो? मी झोपेत व्हते का?"

आन् मी काय केलं? तिच्यावरच खेकसलो! "तुला काय कळतं कायद्यातलं, गप चल घरी!" असं म्हणलो. हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावं वाटतं. घरी बायकोनं सरकीचं उरलेलं पोतं फरफटत रस्त्यावर नेलं आन् ओतून दिलं. त्या दिवसापासून ती मला भाकर वाढते, बोलत न्हाई.

सगुणाला कुणी कामाला घेईना. गोजरचं ठरत आलेलं लगीन मोडलं. पुढल्या दसऱ्याला अठरा वर्षांची गोजर जीनात जायला लागली. दुसरं होतंच काय गावात? मी तिला न्हाई म्हणायला गेल्तो. ती म्हणाली, "काका, मंग आमी खायचं काय?" मी परत फिरलो. त्या साली जीन सुरू व्हायच्या आधी रखमाजी माझ्याकडं स्टांप घेऊन आला न्हाई, दुसऱ्या कुणाकडं पण आला न्हाई. मी दुरून पाळत ठेवून होतो. मला वाटलं, भ्याला. माझ्या ओरडण्याला भ्याला. देवाला नारळ फोडला मी.

जीन सुरू होऊन महिना झाल्ता, सरकारी दै महिन्याच्या पंधराला दुपारी जीनाचा भोंगा अवेळी वाजला. माझ्या हातातून बोरू पडला. मी धावत गेलो तवर गोजरला बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. उजवा पंजा. फळी अजून बसवलेली नव्हती.

मंग मात्र मी ठरवलं. सगुणापुढं जमिनीवर बसलो, तिचे पाय धरले. "ह्या खेपेला मी बोलतो. सनद गेली चुलीत. जेल तर जेल. पोरीचा हर्जाना मी आणतो." तिनं पाय मागं घेतले न्हाईत. मला तेवढं पुरे होतं.

गोजरच्या अर्जाची तारीख आली. साहेब तेच, कचेरी तीच. रखमाजीनं कागद पुढं केला. मी कुणी इचारायची वाट बघितली न्हाई, पुढं झालो आन् सगळं ओकून टाकलं. नऊ कोरे कागद, मोकळ्या जागा, मागल्या सालचे आठ, दोन पोती सरकी, सगुणाचा हजेरीचा अंगठा, माझी खोटी शपथ. गोजर वर मान करून बघून राह्यली. माझ्या छातीवरचा दगड उतरला आन् मी मोठ्यानं म्हणलो, "हुजूर, कागद उलटा करा!"

साहेबांनी कागद उलटा केला. पाठीवर बोट ठेवून वाचलं. मंग माझ्याकडं पाहिलं.

"दै सतरा," ते म्हणाले. "हात पंधराला गेला. स्टांप सतराला घेतला, एकच. ह्यात खोट काय?"

मी पुढं वाकलो. शिक्का ताजा होता. अक्षर माझं नव्हतं, माझ्या शेजारी बसणाऱ्या एकाचं होतं. अंगठ्यापाशी 'डाव्या हाताचा' असं लिहिलं होतं, म्हणजे पंजा गेल्यावरच घेतलेला.

गोजर बोलली. "सरकार, मला दवाखान्यात शुद्ध नव्हती. माझा हात कुणी धरला, मला ठावं न्हाई."

"साक्षीदार कोण?"

साक्षीदार नव्हता. जो होता तो मी, आन् मी नुकतंच तोंडानं कबूल केल्तं की मी शपथेवर खोटं बोलतो. साहेबांनी हेच इचारलं. "गेल्या साली म्हणालास वाचून दाखवला. आज म्हणतोस न्हाई. मी कोणत्या बद्रीनाथवर विश्वास ठेवू?" गोजरचा अर्ज खारीज झाला. सगुणाचा कागद निकालानंतर मालकानं परत नेल्ता, तिचं जुनं प्रकरण उघडायचं काही कारण दिसत न्हाई, असं लिहिलं गेलं. माझी सनद तिथंच टेबलावर काढून घेतली, आन् माझ्यावर खटला भरायचा हुकूम झाला.

बाहेर लिंबाखाली माझी चटई तशीच होती. सगुणा न् गोजर पायरीवर बसल्या. गोजरच्या हाताची पट्टी सुटली होती. ती बांधायची तर दोन हात लागतात. सगुणानं एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं गोजरनं डाव्या हातात, आन् दोघी मिळून गाठ मारायला लागल्या. गाठ बसेना. मी पुढं झालो तर सगुणानं अंग चोरलं.

तेवढ्यात रखमाजी पायऱ्या उतरून आला. तो चिडलेला नव्हता, उलट खुशीत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उपकार झाले तुमचे, अर्जीवाले. मला कुठं ठावं होतं पाठीचं? तुमीच गादीवर थाप मारून शिकवलं. आता आधी घेऊन ठेवीतच न्हाई. जवाच्या तवा स्टांप, जवाच्या तवा अंगठा."

तो गेला. गाठ अर्धीच राहिली होती. गोजरनं पट्टीचं टोक सोडलं आन् माझ्याकडं पाहिलं. रागानं न्हाई हो, खरंच कळत न्हाई म्हणून इचारावं तसं तिनं इचारलं.

"काका, तुमी ह्याला कवा शिकवलं?"

मी तिला सगळं सांगितलं. सांगून झालं तरी ती तशीच बघत होती. मंग मायलेकी उठल्या आन् सुटलेली पट्टी हातात धरून घराकडं चालू लागल्या.