सात क्रमांकाचा हशा

विनोदी मालिकेतल्या कोणत्या वाक्यानंतर किती सेकंद हशा यावा, हे ठरवणे हे माझे एकोणीस वर्षांचे काम. ध्वनिमुद्रित हशांची माझी यादी क्रमवार आहे. तीन म्हणजे खुदखुद, पाच म्हणजे टाळ्यांसह, सात म्हणजे साठ माणसांचा गडगडाट. सातवा मी एका कारखान्याच्या उपाहारगृहात टिपला होता. थोरला भाऊ तिथे फिटर. त्यानेच मला आत नेले. सगळे थांबल्यावर त्या हशात दीड सेकंद एकटा दादा हसत राहतो, बंद केलेला पंप धापा टाकतो तसा.

कारखाना बंद पडून दोन वर्षे झाली. दादा आमच्याकडेच असतो आणि मालिका चुकवत नाही.

या आठवड्याच्या भागात एक बेकार कामगार रोज डबा घेऊन बंद फाटकाशी उभा राहतो.

"इथे पाच नंबर बसेल," मी निर्मात्याला म्हणालो.

"पाचात दम नाही. सात लावा. इतकी वर्षं लावताय, आजच काय झालं?"

मी सात लावला. निदान दादाचे दीड सेकंद कापावेत, असे ठरवले. कापलेही. पण हशा मध्येच तुटल्यासारखा वाटू लागला आणि माझ्या सरावलेल्या हाताला ते सोसवेना. मी तुकडा परत जोडला.

जेवताना तो भाग लागला. कामगार फाटकाशी उभा राहिला. साठ माणसे हसली. मग एकटा दादा. त्याचा घास हातातच राहिला.

"बंद करू का, भावजी?" बायकोने विचारले.

"राहू दे. घरचंच माणूस हसतंय."

माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "तू हशा टिपलास त्या दिवशी आमच्यातला बारक्या मोठ्या साहेबाची चाल करून दाखवत होता. पोट पुढे, हात मागे. आठवतं?"

"आठवतं."

"साहेबाला हसलो होतो रे आम्ही."

"कापायला हवं होतं, दादा."

"कापून वाईट दिसलं असतं. तुझं काम पहिल्यापासून चोख." त्याने पाण्याचा घोट घेतला. "अजून कितीदा हसायचंय मला?"

"या भागात तीनदा."

दादाने मान हलवली आणि ताट जवळ ओढले.